रिको जीआर ३: आता सेकंडहँड घ्यावा का?

हा छोटा कॅमेरा घ्या, पण स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावर थेट फोकस) वापरणार असाल तरच. नाहीतर एवढे पैसे घालू नका, खिशातला फोन बरा.

जीआर ३ आला २०१९ मध्ये. २०२५ मध्ये जीआर ४ आल्यापासून तो जास्त करून वापरलेलाच मिळतो. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम, म्हणजे पँटच्या खिशात जाईल असा. आत मात्र २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फोनच्या मानाने बराच मोठा) सेन्सर आणि १८.३ मिमीची एफ/२.८ लेन्स आहे (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं), फुल फ्रेमच्या हिशोबात २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य. झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन वळत नाही. ऑटोफोकस दिवसा ठीकठाक, पण संध्याकाळी दिव्याखाली चाचपडत बसतो. मंडईत पाटी घेतलेला हमाल तेवढ्यात फ्रेमबाहेर गेलेला असतो.

स्नॅप फोकसचा उपयोग इथे होतो. मेनूत ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू करा आणि अंतर २ मीटर ठेवा. मग शटरचं बटण अर्धं दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस चालतो. एका दमात पूर्ण दाबलं तर कॅमेरा काहीही न शोधता थेट २ मीटरवर फोकस धरून फोटो काढतो. याच्या जोडीला डायल एव्हीवर (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४०० आणि किमान शटर १/२५० सेकंद. हे सगळं डायलवरच्या यू१ या स्वतःच्या सेटिंग्जच्या जागेत साठवून टाका, म्हणजे डायल एकदा फिरवली की काम झालं. एफ/८ ला २ मीटरवर फोकस असेल तर साधारण १ मीटरपासून २० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दिवसा रस्त्यावर याहून जास्त काही लागत नाही.

खरी परीक्षा दिवे लागल्यावर. उजेड कमी पडतो म्हणून एफ/२.८ वर आलात की स्पष्ट दिसणारा तोच पल्ला दीड ते तीन मीटर एवढाच उरतो आणि अंतराचा अंदाज चुकला की फोटो गेलाच. अंदाज बसवायला एक सोपी खूण आहे: कॅमेरा आडवा धरल्यावर उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम मावत असेल, तर तो साधारण २ मीटरवर आहे. कंबरेपर्यंतच मावत असेल तर स्नॅपचं अंतर १ मीटर करा. आयएसओला घाबरू नका; ६४०० ला दाणे दिसतात, पण कृष्णधवल फोटोत ते उलट शोभतात. स्टॅबिलायझेशन आहे म्हणून शटर १/१५ वर नेऊ नका. त्याने हाताची थरथर सावरते, चालणारा माणूस फरफटलेलाच येतो.

दुपारच्या उन्हात अडचण वेगळी. पांढरे सदरे आणि पत्र्याची छपरं पार पांढरीफटक होतात. एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवा किंवा हायलाइटला (सगळ्यात उजळ भागाला) धरून उजेड मोजणारं मीटरिंग निवडा; सावल्या नंतर रॉ फाइलमधून (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) बऱ्यापैकी वर काढता येतात. मोठ्या अ‍ॅपर्चरला शटरचा वेग १/२५०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे भर उन्हात एफ/२.८ हवाच असेल तर आतला २ स्टॉपचा (उजेड चौथाईवर आणणारा) एनडी फिल्टर लावावा लागतो. एचडीएफ नावाच्या आवृत्तीत हा एनडी नाही, त्याच्या जागी उजेड पसरवणारा फिल्टर आहे. विकणाऱ्याला आधी विचारून घ्या.

जीआर ३एक्स हे भावंड ४० मिमीचं. चेहरे त्यात छान येतात, पण स्नॅपला ते कमी माफ करतं: एफ/८ ला अडीच मीटरवर ठेवलं तरी पल्ला साधारण १.६ ते ५.७ मीटर. गर्दीत शिरून काढायचं तर २८ मिमीचाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

आता धूळ. या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच, आणि आपल्या शहरांत ते जरा जास्तच. कॅमेऱ्याला सीलिंग नाही. लेन्सची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर धूळ आणि खिशातला कापसाचा भुगा आत जातो. लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी पुसता येत नाही, सर्व्हिस सेंटरला उघडावाच लागतो. सेकंडहँड घेताना दुकानातच तपासा: अ‍ॅपर्चर एफ/१६, कोऱ्या पांढऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो मुद्दाम आउट ऑफ फोकस काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत सरकवत बघा. करडे गोल ठिपके दिसले की ती धूळ. मेनूतलं डस्ट रिमूव्हल दोन-तीनदा चालवा आणि पुन्हा फोटो काढा. ठिपके जागचे हलले नाहीत तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागा, नाहीतर सरळ निघा. घेतल्यावर चेनच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा. रुमाल आणि सुटे पैसे असलेल्या खिशात कधीच नाही. पावसात नळी ओली झाली असेल तर कॅमेरा बंद करण्याआधी ती पुसा, बंद केला की ते पाणी आत जातं.

बॅटरी अगदीच तोकडी. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे एका चार्जवर सुमारे २०० फोटो, आणि स्क्रीन सतत चालू ठेवणाऱ्याला तेवढेही मिळत नाहीत. डीबी-११० च्या दोन जादा बॅटऱ्या खिशात हव्यातच. यूएसबी-सी असल्याने चहाला थांबल्यावर पॉवर बँकेवर लावता येतो. कार्ड घरी विसरलं तर आतली २ जीबी मेमरी वेळ मारून नेते, पण तेव्हा रॉ बंद करा, नाहीतर ती बघता बघता भरते. व्हिडिओसाठी मात्र हा कॅमेरा घेऊच नका.