बी-स्मार्ट दाबदर्शक: तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कितपत उपयोगी?

नर्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे नर्व्हभोवती औषध देऊन हात-पाय बधिर करताना, औषध ढकलणारा हात बहुतेक वेळा भूलतज्ज्ञाचा नसतो. त्यांच्या एका हातात सोनोग्राफीचा प्रोब असतो, दुसऱ्यात सुई, आणि सिरिंज सिस्टरकडे किंवा ओटी असिस्टंटकडे. शिरपूर, चोपडा, शहादा असं फिरत काम करणाऱ्यांना तो तिसरा हात दर हॉस्पिटलात नवा मिळतो. सुईचं टोक नर्व्हच्या आत, फॅसिकलमध्ये म्हणजे तंतूंच्या जुडग्यात शिरलं, तर औषध जड जातं. पण हे जडपण हाताला नीट कळत नाही. 2004 मध्ये नकली ब्लॉकच्या मांडणीवर भूलतज्ज्ञांकडूनच सिरिंज ढकलून घेतली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांचा दाब 20 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) वर गेला होता. सिरिंज मोठी की लहान, सुई जाड की बारीक, यावर हाताचा अंदाज बदलतो.

बी. ब्राऊन कंपनीचा बी-स्मार्ट हा याच जागी बसणारा छोटा प्लास्टिकचा तुकडा आहे. सिरिंज आणि सुईची नळी यांच्या मध्ये तो लावायचा. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. पांढरा रंग म्हणजे दाब 15 पीएसआयच्या खाली, पिवळा म्हणजे 15 ते 20, नारिंगी म्हणजे 20 च्या वर.

पाहायचा असतो तो सुरुवातीचा दाब, औषध वाहू लागण्याआधीचा. खांद्यासाठीच्या इंटरस्केलीन ब्लॉकवर 2014 मध्ये झालेल्या अभ्यासात सुई नर्व्हरूटला (नर्व्हच्या मुळाला) टेकलेली असताना 97 टक्के वेळा हा दाब 15 किंवा त्याहून जास्त भरला. सुई 1 मिलिमीटर दूर असताना तो प्रत्येक वेळी 15 च्या खाली होता. म्हणून पांढरा रंग बऱ्यापैकी भरवशाचा. पिवळा मात्र नर्व्हचाच असतो असं नाही. टोक फॅशियात (स्नायूंवरच्या पडद्यात) किंवा स्नायूबंधात रुतलं, सुईत रक्ताची गुठळी अडकली, नळी मुडपली, तरीही पिवळा येतो. शिवाय हे उपकरण नळीतला दाब दाखवतं, टोकाचा नाही. बारीक लांब सुईतून घाईने ढकललं तर सुई योग्य जागी असूनही रंग बदलेल. मिनिटाला 10 ते 15 मिलीपेक्षा जास्त वेग नको.

वापरताना आधी नळी, दर्शक आणि सुई औषधाने भरून घ्या, हवा राहू देऊ नका. ॲस्पिरेशन करून (दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहून) अर्धा ते एक मिली हळू द्या. पिवळा दिसला की थांबा, सुई एक मिलिमीटर मागे घ्या, पुन्हा अर्धा मिली. तरीही पिवळाच असेल तर सुई बाहेर काढून फ्लश करून पाहा. रुग्णाच्या अंगात सुई असताना जोर लावून गुठळी ढकलणं ही सगळ्यात वाईट चूक. ज्या नर्व्हमध्ये दाब नको म्हणून हे सगळं चाललंय, तिथेच तो दाब जातो.

खरी अडचण अशी की रंग सिरिंजपाशी दिसतो आणि भूलतज्ज्ञाची नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर असते. रंग पाहणार असिस्टंटच. त्याला ब्लॉकच्या आधी एकच सूचना पुरे: "पिवळं दिसलं की हात थांबव, मला विचारू नकोस, मग सांग." विचारून थांबण्यात जाणारे दोन सेकंद अर्धा मिली औषध आत घालायला पुरतात. असिस्टंटला हे समजलेलं नसेल तर हा तुकडा लावून काही साधत नाही.

दाब कळला म्हणून बाकीची खबरदारी सुटत नाही. 30 अंशांची शॉर्ट बेव्हल (आखूड तिरक्या टोकाची) इन्शुलेटेड, म्हणजे वीजरोधक लेप असलेली सुई घ्या; हातासाठी 22 गेज, 50 मिलिमीटर, पायाच्या सायॅटिक नर्व्हसाठी 100. एकदा वापरलेली सुई निर्जंतुक करून पुन्हा घेऊ नका, टोकही बोथट होतं आणि लेपही जातो. स्टिम्युलेटर (सुईतून हलका करंट देऊन नर्व्ह जवळ आहे का ते दाखवणारं यंत्र) 0.5 मिलिअँपियर, 0.1 मिलिसेकंदावर ठेवून नुसता पहारेकरी म्हणून चालू असू द्या. स्नायूचा झटका दिसला तर मागे या. 0.2 च्या खालीही झटका येत असेल तर टोक नर्व्हच्या आत आहे असंच धरा. मात्र झटका न येणं म्हणजे सुरक्षित, असं नाही. जुन्या मधुमेहात तर नर्व्ह उशिरा प्रतिसाद देते, आणि इथे असे रुग्ण कमी नाहीत. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ईसीजी इलेक्ट्रोडच्या उघड्या पाकिटातलं जेल वाळतं आणि सर्किट नीट जुळत नाही. स्टिम्युलेटरचा पॉझिटिव्ह इलेक्ट्रोड दर वेळी ताज्या पाकिटातला हवा.

सोनोग्राफी मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्यामुळे बॅगेत घालून गावोगाव नेता येत नाही. जिथे हॉस्पिटलचं स्वतःचं नोंदलेलं मशीन नाही तिथे ब्लॉक स्टिम्युलेटरवरच होतो. अशा ठिकाणी बी-स्मार्टची किंमत, एकदाच वापरायचा असूनही, वसूल होते.

बजेटच नसेल तर हवेची युक्ती आहे, आणि ती तितकीच आदराने घ्यावी अशी आहे. 20 मिलीच्या सिरिंजमध्ये 10 मिली औषध आणि 10 मिली हवा घ्या. तोंड खाली, दट्ट्या वर धरा म्हणजे हवा वरच राहते. बॉइलच्या नियमाने हवा 10 वरून 5 मिलीवर आली की दाब एक वातावरण, म्हणजे सुमारे 14.7 पीएसआय वाढतो. हवा निम्म्याहून जास्त दाबायची नाही, एवढीच मर्यादा. धोका एकच: औषध संपत आलं की हवा नळीत उतरते, म्हणून शेवटचे एक-दोन मिली सिरिंजमध्येच सोडून द्या. बी-स्मार्टमध्ये ही काळजी नाही, आणि नवख्या असिस्टंटला रंग पाहणं आकडे वाचण्यापेक्षा सोपं जातं.

रुग्ण हलक्या गुंगीतच हवा, पूर्ण झोपेत नको. पहिला मिली देताना अहिराणीत विचारा: "दुखस का? झटका लागना का?" अनोळखी भाषेतल्या प्रश्नाला बरेच जण नुसती मान हलवतात, ते उत्तर धरू नका. कळ हातभर धावली तर रंग पांढरा असला तरी थांबा. आणि केस पेपरवर सुरुवातीचा दाब, करंट आणि रुग्णाचं उत्तर एका ओळीत लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी हात बधिर आहे म्हणून फोन आला, तर टूर्निकेट (रक्त थांबवायला हाताला आवळलेला पट्टा), प्लास्टर आणि ब्लॉक यांपैकी कुठे शोधायचं ते त्या ओळीवरून ठरतं.