नॅनो पृष्ठभागाचं इम्प्लांट : अकरा महिन्यांनंतर

खालची डावी दाढ काढल्यापासून दोन वर्षं मी एकाच बाजूनं जेवत होतो. जानेवारीत तुरीची सोंगणी आटोपली आणि आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून नागपूरला जाऊन इम्प्लांट, म्हणजे दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसणारा स्क्रू, बसवलं. डॉक्टरांनी टायटॅनियमचेच दोन स्क्रू दाखवले. नॅनो पृष्ठभागाचा पाच हजारांनी महाग होता, तोच घेतला. आई म्हणाली, "काहून रे बाप्पा, एका दाताले एवढे पैसे?"

तिला गवंड्याचं काम आठवून दिलं. गुळगुळीत कॉलमवर गिलावा धरत नाही, म्हणून तो आधी छिन्नीनं टोचे पाडतो. तसंच स्क्रूवर बारीक कणांचा मारा करतात, मग आम्लानं पृष्ठभाग झिजवतात, त्यातून मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापाचा खडबडीतपणा येतो आणि हाड त्यात अडकतं. नॅनोचं काम त्याहून बारीक. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. रक्तातली प्रथिनं साधारण याच मापाची असतात. ती पृष्ठभागावर बसतात आणि हाड घडवणाऱ्या पेशी त्यांना धरूनच पाय रोवतात. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसलं. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिलं इम्प्लांट १९६५ मध्ये बसवलं.

बसवलं त्या दिवशी घट्टपणाचा आकडा, म्हणजे आयएसक्यू, ७० होता. चौथ्या आठवड्यात ६४ झाला आणि माझा जीव खाली-वर झाला. डॉक्टरांनी समजावलं की पहिली पकड जुन्या हाडाची असते, ते हाड झिजत असतं आणि नवं अजून पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे ही घसरण होतेच. नॅनो पृष्ठभागाचा खरा उपयोग याच आठवड्यांत, कारण नवं हाड लवकर धरू लागतं. दहाव्या आठवड्यात आकडा ७६ वर गेला आणि कॅप बसली.

तरी मोठं श्रेय मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, सोडण्याला देतो. बावीस वर्षांची सवय होती. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, मग जखमेला रक्त कमी पोचतं. रक्तच पोचलं नाही तर पृष्ठभाग कितीही चांगला असो, त्यावर बसणार काय? पहिले तीन आठवडे पानठेल्यासमोरून जाणंच टाळलं, शेताला मागच्या पांदणीनं जायचो. खर्रा सुटत नसेल तर हे पाच हजार घालू नका, असं मी गावात सगळ्यांना सांगतो.

आता भाकर, फुटाणे, भुईमुगाच्या शेंगा सगळं त्याच बाजूनं चालतं. खऱ्या दाताखाली तंतूंची गादी असते, इथं स्क्रू थेट हाडालाच, म्हणून खडा लागला की दणका वेगळाच जाणवतो. त्याची सवय व्हायला दोनेक महिने गेले.

तक्रार कंपनीच्या माहितीपत्रकाची. "लवकर जुळतं" हे मोठ्या अक्षरांत छापलंय, सफाईबद्दल एक ओळ नाही. हिरडी सुजून हाड खाली सरकलं आणि खडबडीत भाग उघडा पडला, तर घाण त्यावरच जास्त चिकटते. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, आर्वीहून आणावा लागतो. मी एकदम चार आणून ठेवतो. पुढचा एक्स-रे जानेवारीत आहे.