९९०० एमएएच छापलेले लिथियम सेल घेऊ नका, माझे पैसे गेलेत

टॉर्चसाठी १८६५० साइजचे दोन सेल ऑनलाइन मागवले होते, वर मोठ्ठ्या अक्षरात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप, म्हणजे कपॅसिटी) छापलेलं. फुल चार्ज करून लावले तर थोड्याच वेळात टॉर्च मंद आणि सेल चांगलाच गरम. विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणे सेल नवीन आहेत, आधी पाच-सहा वेळा रात्रभर चार्ज करा आणि पूर्ण उतरवा, मग कपॅसिटी खुलेल.

हे साफ खोटं आहे!! लिथियम आयनला असलं काही लागत नाही, चांगला सेल पहिल्या चार्जपासूनच पूर्ण कपॅसिटी देतो, उलट दरवेळी तळापर्यंत उतरवला तर त्याचं आयुष्यच कमी होतं. तरी असं सांगतात कारण तुम्ही चार्ज करत बसता आणि तेवढ्यात रिटर्नची मुदत निघून जाते. माझं तेच झालं, आणि मुदत संपल्यावर रिप्लाय पण बंद.

आता कपॅसिटीचं बघा. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, एवढ्या जागेत नामांकित कंपन्यांचे भारीतले सेलसुद्धा साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जातात, त्यामुळे ५०००, ६८००, ९९०० असलं काही दिसलं की सरळ पुढे जा. मी सेल वजनकाट्यावर ठेवला तर ३० ग्रॅमसुद्धा नाही, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मग सेल उतरवून कपॅसिटी मोजणाऱ्या चार्जरवर लावला, हजार एमएएच पण निघाले नाहीत. म्हणजे दहावा हिस्सा सुद्धा नाही हो!

पण नुसत्या वजनावर जाऊ नका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल नवीन रंगीत प्लॅस्टिक चढवून विकतात, त्यांचं वजन बरोबर भरतं पण आतून दमलेले असतात, ते फक्त मोजल्यावरच कळतं. आणि पाच स्टारचे रिव्ह्यू बघून तर अजिबात घेऊ नका, बहुतेक लोक पार्सल उघडल्या उघडल्या स्टार देतात, त्यांनी सेल किती चालतो ते पाहिलेलंच नसतं.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, त्याच दिवशी वजन करा, रिटर्नची मुदत आहे तोवर मोजून घ्या. आणि असे सेल आधीच घेतले असतील तर रात्री चार्जिंगला लावून झोपू नका प्लीज, यात ओव्हरचार्ज थांबवणारं प्रोटेक्शन सर्किट असेलच असं नाही, लिथियमची आग पटकन आटोक्यात येत नाही.