२१७ क्रमांकाची प्रत

मी फसलो हे कळायला सात आठवडे लागले. त्यातले सहा आठवडे ती ब्लू-रे डिस्क वेष्टणासकट कपाटात उभी होती. भयपटांच्या डिस्क जमवणाऱ्या आम्हा मंडळींना वेष्टण फोडायचं जिवावर येतं. तेवढ्यात परतीची मुदत उलटून जाते, आणि हे विकणाऱ्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

चित्रपट सत्तरच्या दशकातला, इटालियन. नाव मुद्दाम देत नाही, बिचाऱ्या चित्रपटाचा यात काही दोष नाही. काळे हातमोजे, वस्तरा, लाल उजेडातला जिना, आणि पहिल्या दहा मिनिटांत ज्याला पाहून आपण विसरून गेलो तोच शेवटी खुनी. या जातीला ‘जाल्लो’ म्हणतात, म्हणजे पिवळा. १९२९ पासून इटलीत निघालेल्या एका रहस्यकथामालेच्या पिवळ्या मुखपृष्ठांवरून हे नाव पडलं. हे चित्रपट बाहेरदेशी गेले तसे त्या त्या वितरकाने ते हवे तसे कापले, नावं बदलली, वेगळे आवाज चढवले. एकाच चित्रपटाच्या तीन-चार वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या सापडणं इथे नवलाचं नाही. म्हणून ‘अनकट’, म्हणजे काहीही न कापलेला, हा शब्द दिसला की आमची अक्कल गहाण पडते.

खरेदी-विक्रीच्या साइटवरच्या जाहिरातीत तो शब्द होताच. शिवाय ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवा फोर-के स्कॅन’ (आडव्या ओळीत सुमारे चार हजार ठिपक्यांचा), ‘१०४ मिनिटं’, ‘ऑल रीजन’ (कुठल्याही देशातल्या प्लेअरवर चालणारी), आणि ‘फक्त ५०० क्रमांकित प्रती’. विकणारा बोलायला गोड. ‘साइटवरून घेतलंत तर कमिशन जातं, थेट पाठवलंत तर थोडं कमी करतो. तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार?’ जाणकार म्हटल्यावर मी विरघळलो. पैसे थेट पाठवले, तेही ओळखीच्या माणसाला पाठवायच्या पर्यायाने, ज्यात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं. एरवी तीन डिस्क आल्या असत्या एवढी रक्कम. पार्सल आलं, बाहेरच्या पुठ्ठ्याच्या कव्हरवर सोनेरी शाईत छापलं होतं, २१७/५००. मी त्याचा फोटो काढून चार जणांना पाठवला.

आता लाजिरवाणा भाग. डिस्क पाहिली आणि मी तिचं कौतुक लिहिलं. शब्द अजून पाठ आहेत: ‘चित्र मऊ आहे, पण हे मऊपण त्या काळच्या लेन्सचं आहे. प्रिंटवरच्या जखमा पुसून न टाकता जपल्या आहेत. हल्लीच्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या डिस्कपेक्षा हे काम कितीतरी प्रामाणिक.’

प्रामाणिक! हे मी का लिहिलं ते सांगायलाच हवं, कारण फसवणूक तिथेच आहे.

फिल्मवर ग्रेन असतो, रसायनातून उमटलेले बारीक कण, आणि चित्रातले तपशील त्या कणांतूनच तयार झालेले असतात. डिस्क काढताना तो ‘नॉइज’, म्हणजे नको असलेली खरखर, समजून सॉफ्टवेअरने पुसला की त्याच्याबरोबर त्वचेची रंध्रं आणि कापडाची वीणही जाते. माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसू लागतात. अशा बऱ्याच डिस्क निघाल्या, आम्ही त्यांना शिव्या दिल्या, आणि ते बरोबरच होतं. पण त्या शिव्या देता देता एक उलटं गणित डोक्यात बसलं: चकचकीत म्हणजे खोटं, तर खरखरीत म्हणजे खरं.

त्याच्याही मागे टेपचा काळ आहे. ब्रिटनमध्ये १९८४ साली व्हिडिओ कॅसेटसाठी कायदा आला, त्याच सुमारास ज्या भयपटांवर खटले भरायचे त्यांची यादी फिरली. त्या यादीत वेगवेगळ्या वेळी मिळून ७२ चित्रपट होते, त्यातल्या ३९ वर गुन्हा शाबीत झाला. मग हे चित्रपट कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून हातोहात जाऊ लागले. प्रत्येक प्रतीत चित्र आणखी पुसट, रंग आणखी ओघळलेले. जितकी प्रत वाईट, तितकी ती दुर्मीळ आणि तितकी ती ‘पूर्ण’. ज्यांनी त्या टेप कधी हातातही घेतल्या नाहीत अशा आमच्यासारख्यांनीही तो भक्तिभाव वारशाने उचलला. डुप्लिकेट डिस्क काढणाऱ्याला अजून काय हवं? त्याच्याकडे असतो तो खराब मालच, आणि गिऱ्हाईक खराबपणालाच नमस्कार करतं.

माझं लिखाण वाचून एका मित्राने एवढंच विचारलं, ‘अरे, डिस्क उलटी करून बघितलीस का?’

बघितली नव्हती. दिव्याखाली धरली. कारखान्यात साच्याने दाबून काढलेली डिस्क खालून स्वच्छ चंदेरी दिसते. ही काळपट होती, तपकिरी झाक मारणारी. शेजारी खात्रीची एक डिस्क ठेवली तर फरक आंधळ्यालाही कळावा. खात्रीच्या डिस्कच्या आतल्या कड्यात क्रमांक, बारकोड आणि डोळे बारीक करून वाचावी लागतील अशी ‘आयएफपीआय’ अक्षरं, म्हणजे डिस्क कुठल्या कारखान्यातली याची खूण, होती. हिच्या कड्यात यातलं काही मला सापडलं नाही. संगणकात घातल्यावर प्रकार आला ‘बीडी-आर’, म्हणजे कोरी डिस्क घेऊन घरच्या यंत्रावर लिहिलेली. हा एकटा पुरावा मात्र पुरेसा धरू नका. वॉर्नर या अमेरिकी चित्रपट कंपनीने २००९ पासून आपले जुने चित्रपट मागणीनुसार लिहिलेल्या डिस्कवर अधिकृतपणे विकले आहेत. पण ते तसं सांगून विकतात, त्यावर सोनेरी क्रमांक घालत नाहीत.

मग मी चित्रपट परत लावला. या वेळी गोष्ट पाहायची नाही, फक्त पडदा पाहायचा असं ठरवून.

साधारण अठराव्या मिनिटाला उजव्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका लुकलुकला, आणि सातेक सेकंदांनी आणखी एक. हे रीळ बदलायचे इशारे. थिएटरमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे, पहिल्या ठिपक्याला ऑपरेटरने दुसऱ्याची मोटर सुरू करायची आणि दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्याच्या ताब्यात द्यायचा. असे ठिपके थिएटरला जाणाऱ्या प्रिंटसाठी असतात, रिळागणिक, म्हणजे फार तर वीस-एक मिनिटांनी. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हवर त्यांचं काय काम? तरी पहिल्यांदा पाहताना ते ठिपके बघून मला गहिवरून आलं होतं, हे कबूल करतो.

दुसरं, वेळ. कव्हरवर १०४ मिनिटं, आणि चित्रपट संपला ९९ मिनिटं ५० सेकंदांना. आधी वाटलं, चार मिनिटं कापली. कापलेलं काहीच नव्हतं. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, युरोपातलं जुनं टीव्हीचं तंत्र, पाल, २५ ने. त्यामुळे त्या तंत्रातल्या टेप आणि डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के भरभर पळतो. १०४ ला ०.९६ ने गुणा, ९९ मिनिटं ५० सेकंदच येतात. आवाजही चढतो. माझ्याकडे याच चित्रपटाच्या संगीताची रेकॉर्ड आहे. ती लावली, डिस्कवरचं शीर्षकसंगीत लावलं, आणि दोन्ही आलटून पालटून ऐकलं. डिस्कवरचं पियानोचं वाक्य जवळजवळ अर्ध्या सुराने वर होतं. बायकोने आतून विचारलं, ‘हे काय बेसूर चालवलंय?’ माझ्या सगळ्या अभ्यासापेक्षा तिचा कान सरस ठरला. चौकटी २४ च्या ठेवून नीट काढलेल्या ब्लू-रेवर हा प्रकार होत नाही. म्हणजे माल कुठल्या तरी जुन्या पाल डीव्हीडीवरचा.

आणि तिसरं, ज्याने माझी उरलीसुरली इज्जत गेली. फक्त अनकट आवृत्तीत असणारे ते गाजलेले दोन प्रसंग. तिथे चित्र एकदम चिखलासारखं होतं, लाल रंग कडेबाहेर सांडतो. आणि अगदी तळाशी, बोटभर जाडीची, वाकडी, थरथरणारी एक पट्टी दिसते. फिल्म कितीही फाटली, ओरखडली, कुजली तरी तिच्यावर अशी पट्टी येऊ शकत नाही. व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रात, टेप वाचण्याचं काम फिरत्या ड्रमवरच्या एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना चित्राच्या तळाशी ही गडबड उमटते. ‘प्रिंटवरच्या जखमा’ म्हणून मी जिचं कौतुक केलं होतं ती हीच.

हरवलेले तुकडे टेपवरून घेऊन जोडणं हे पाप नव्हे. मूळ निगेटिव्हचा तुकडा जगात उरलाच नसेल तर चांगल्या कंपन्याही तेच करतात, आणि कव्हरवर तसं छापतात. इथे सगळाच चित्रपट उसना होता. पाल डीव्हीडीच्या चौकटीत ७२० बाय ५७६ ठिपके, ब्लू-रेच्या चौकटीत १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. माझ्या डिस्कवरच्या दर पाच ठिपक्यांतले चार संगणकाने अंदाजाने भरलेले. फाइल मात्र भलीमोठी. पाणी घालून वाढवलेल्या दुधाचं माप भरतंच की.

विकणाऱ्याला लिहिलं. पहिलं उत्तर, ‘इम्पोर्टेड प्रत अशीच असते.’ दुसरं, ‘तुमचा टीव्ही जुना असेल.’ तिसऱ्या वेळी मी रीळ बदलायच्या ठिपक्यांचा आणि पट्टीचा फोटो जोडला, तर खातंच गायब. बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतःहून पाठवलेत. साइटने सांगितलं, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. दोघांचंही बरोबर होतं.

एक गोष्ट जाता जाता. ‘रिस्टोअर्ड’, ‘रीमास्टर्ड’ या शब्दांना कुणी राखणदार नाही, आणि त्यासाठी चोरच लागतो असंही नाही. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ घ्या. ऐनवेळी नाव बदललं, नव्या शीर्षकाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक झाला. मग ज्याला जी प्रिंट मिळाली त्याने ती डिस्कवर काढली, कायद्याच्या चौकटीत राहून, आणि कव्हरवर हवे ते शब्द छापले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आणि जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म फाउंडेशन या संस्थेने मूळ निगेटिव्हवरून फोर-के काम केल्यावर तो चित्रपट किती सुंदर टिपला होता हे लोकांना दिसलं. तोवर ‘तो तसाच कळकट आहे, त्यातच त्याची मजा’ असं छातीठोक सांगणारे माझ्यासारखे पुष्कळ होते.

आता मी वेष्टण आल्या दिवशी फोडतो, डिस्क आधी उलटी करतो, आणि चालू चित्रपटाची वेळ कव्हरशी ताडून पाहतो. स्कॅन कुणी केला, कशावरून केला, हक्क कुणाकडे आहेत हे छापलेलं नसेल तर घेत नाही. पैसे साइटबाहेर पाठवत नाही, कुणी कितीही जाणकार म्हणो.

माझं ते कौतुक मी खोडलं नाही, त्याच्यावर वरचं सगळं लिहिलं आणि कव्हरचा फोटो टाकला. दोन दिवसांनी एका अनोळखी गृहस्थांचा निरोप आला. माझं वाचूनच त्यांनी ती डिस्क घेतली होती. ‘फोटो तुमच्या प्रतीचा आहे ना?’ त्यांनी विचारलं. ‘कारण माझ्यावरही २१७ च आहे.’ संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी आपापल्या कव्हरचे फोटो पाठवले. सोनेरी शाई, २१७/५००.