ल्युपस असेल आणि पोट बिघडलं असेल तर 'आतडे शुद्धी'वाल्यांच्या नादाला लागू नका, माझ्या बहिणीचे काय हाल झाले ते वाचा

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे, एसएलई म्हणतात तो, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते असा ऑटोइम्यून आजार. सासर देवगड तालुक्यात, मी कणकवलीला. मुंबईला निदान झालं, किडनीतून प्रोटीन जात होतं म्हणून मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), सोबत एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन) आणि स्टेरॉइडची गोळी. ताप गेला, सांधे सुटले, गालावरचे चट्टे पण फिके झाले. पण पोट मात्र कायमचं बिघडलं. जेवलं की फुगायचं, मळमळ, दिवसातून कितीतरी वेळा जुलाब, बसने कुठे जायचं म्हटलं तरी तिला टेन्शन. इथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली, मुंबईची पुढची तारीख लांब होती, आणि आपल्याकडे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट (सांधे आणि अशा ऑटोइम्यून आजारांचा डॉक्टर) म्हणजे एकतर मुंबई नाहीतर गोवा नाहीतर कोल्हापूर. हे लोक बरोब्बर अशाच वेळी गाठतात.

व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं, ऑटोइम्यून आजार मुळापासून बरे, मोफत तपासणी शिबिर, एका मंगल कार्यालयात. ती आणि भावोजी गेले. लॅपटॉपला वायरने जोडलेला एक धातूचा दांडा हातात धरायला देतात, मिनिटभर, की प्रिंटरमधून रंगीत रिपोर्टचा गठ्ठा बाहेर. लिव्हर, किडनी, हाडं, हार्मोन्स, सगळं त्यात. तो रिपोर्ट मी नंतर नीट वाचला. त्यात लिहिलंय पित्ताशयाचं काम मंद आहे. माझ्या बहिणीचं पित्ताशय खड्यांमुळे लग्नाआधीच ऑपरेशन करून काढून टाकलंय! जो अवयव पोटात नाहीच त्याचं काम हे मशीन मोजतंय. असला दांडा हातात धरून रक्त नाही, लघवी नाही, काही तपासलं जात नाही, जे छापून येतं ते आधीच सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं असतं.

मग तो माणूस बोलायला बसला. गोड बोलणारा, पांढरा कोट. "ताई, तुमचा ल्युपस रक्तात नाहीच, आतड्यात आहे, वर्षानुवर्षांचा मळ चिकटलाय, त्याचं विष अंगात भिनतंय, आणि तुम्ही वरून विषारी गोळ्या खाताय." तीन महिन्यांचा कोर्स, ३६,००० रुपये, अर्धे आज. पैसे यूपीआयने एका माणसाच्या खासगी खात्यावर, पावती नाही. पांढर्‍या डब्यात चूर्ण आणि एका बाटलीत थेंब, डब्यावर फक्त हाताने लिहिलेलं सकाळ-रात्र. बनवणार्‍याचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, घटक नाहीत. आयुर्वेदिक औषध असलं तरी हे सगळं लेबलवर असायलाच लागतं, कायद्याने. आणि एक अट, आधीच्या सगळ्या गोळ्या त्याच दिवसापासून बंद, नाहीतर गुण येणार नाही.

चूर्ण सुरू केल्यावर जुलाब दुप्पट झाले. त्यांचा एक ग्रुप होता, त्यात रोज सकाळी शौचाचे फोटो टाकायचे (हो, खरंच), आणि ॲडमिन टाळ्यांचे इमोजी टाकायचा, बघा ताई घाण बाहेर पडतेय. अंगात त्राण नाही म्हटलं तर हीलिंग चालू आहे, उलटी झाली तर पित्त निघतंय, पायाला सूज आली तर विष सुटतंय. मला सगळ्यात चीड याची येते. माणूस बरा झाला तर चूर्णाचा गुण, आणि खंगत गेला तरी चूर्णाचाच गुण. त्यांच्या हिशोबात "हे थांबवा, डॉक्टरकडे जा" असं लक्षण एकही नाही.

शेवटी एका पहाटे ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. तिची सासू म्हणाली, "पोरीचा काय खरा दिसना नाय, हिका आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे व्हरा." त्या माऊलीमुळे वेळेत पोचली. बीपी एकदम खाली, उलट्या, पोटात दुखणं, पोटॅशियम घसरलेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला स्टेरॉइड कधी बंद केलं. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलं की आपलं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (स्टेरॉइडसारखंच हार्मोन) बनवायचं जवळजवळ थांबवतं, गोळी अचानक तोडली तर शरीराकडे दोन्ही नसतं, त्यात उलट्या, पोटदुखी, बीपी पडणं, आणि जीवही जाऊ शकतो. स्टेरॉइड नेहमी पायरी पायरीने कमी करतात, तेही डॉक्टर सांगतील तसंच. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनची (म्हणजे स्टेरॉइडचीच) इंजेक्शनं दिल्यावर ती डोळे उघडून बोलायला लागली. पोटाचा सीटी स्कॅन केला कारण ल्युपसमध्ये कधी कधी आतड्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन आतड्याची भिंतच जाड होते, ते निघालं नाही सुदैवाने. पण मायकोफेनोलेट बंद असल्यामुळे लघवीतलं प्रोटीन परत वाढलं, इतक्या दिवसांची कमाई गेली.

आता मूळ गोष्ट, जी आम्हाला आधी कोणी बसून सांगितली असती तर तो पांढरा कोटवाला बोलूच शकला नसता. ल्युपसवाल्याचं पोट एकाच कारणाने बिघडत नाही. खूपदा औषधानेच बिघडतं, मायकोफेनोलेटने जुलाब होणं अगदी कॉमन आहे, एचसीक्यूने पण सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, पेनकिलर आणि स्टेरॉइड एकत्र असलं की जठरात अल्सर व्हायची भीती. प्रतिकारशक्ती दाबलेली असते म्हणून साधं इन्फेक्शन पण जोरात होतं, आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की हे लक्षात ठेवा, उकळूनच प्या. आणि कधी कधी खुद्द ल्युपसच आतड्यावर, स्वादुपिंडावर जातो, किंवा आतड्यातून प्रोटीन गळून अंगावर सूज येते. प्रत्येकाचा उपाय वेगळा. माझ्या बहिणीचं तर फार सोपं निघालं, मुंबईच्या डॉक्टरांनी मायकोफेनोलेटचा दुसरा प्रकार दिला जो जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळतो, डोस विभागून दिला, आणि पोट बरंच शांत झालं. सध्या उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी पचतेय तिला. ३६,००० चा प्रश्न एका प्रिस्क्रिप्शनने सुटणारा होता!

पोटात जोरात दुखून उलट्या होत असतील, पोट टम्म फुगून वारा पण सरत नसेल, शौचात रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, जुलाबासोबत ताप, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्टेरॉइड चालू असलं की ताप आणि दुखणं दबतं, आतून बिघडलेलं बाहेर कमी दिसतं, म्हणून थोडं दुखतंय तर बघू उद्या असं नको.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्या गावच्या वैद्यबुवांना डबा दाखवला तर तेच भडकले, म्हणाले इतक्या अशक्त बाईला जुलाब देतं का कोणी, आणि लेबल नसलेलं चूर्ण मी माझ्या म्हशीला पण देणार नाही. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड, शिसं, पारा सापडल्याची उदाहरणं आहेत.

अजून एक, १९५४ सालचा ड्रग्ज ॲण्ड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्यात ज्या आजारांवर बरं करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत ल्युपसचं नाव स्पष्ट आहे. म्हणजे ते पोस्टरच बेकायदेशीर ठरू शकतं. आम्ही एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार दिलीय, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंदवलीय. तक्रार झाली कळल्यावर त्यांनी ग्रुप डिलीट केला, पण भावोजींनी चॅट आधीच एक्स्पोर्ट करून ठेवलं होतं. तेव्हा कोणी यात अडकलं असेल तर डबा अर्धा रिकामा असला तरी फेकू नका, पोस्टर, पेमेंटचे स्क्रीनशॉट, तो रंगीत रिपोर्ट सगळं जपून ठेवा, आणि स्टेरॉइड बंद केलं असेल तर हे वाचून झाल्यावर पहिला फोन तुमच्या डॉक्टरांना करा, तक्रार नंतर.