एनएचएसची वेबसाईट: रात्री साडेअकराला खरंच कामी आली

मागच्या पावसाळ्यात लेकाला दोन दिवस ताप होता आणि दुसऱ्या रात्री साडेअकराला त्याच्या पोटावर लाल पुरळ दिसलं. डॉक्टरांचा फोन लागेना. मी घाबरून सर्च केलं तर जी साईट उघडली तिच्यावर अर्धा स्क्रीन जाहिराती, मग आजारांची लांबच्या लांब यादी आणि सगळ्यात खाली 'आत्ताच टेस्ट बुक करा'. मँचेस्टरच्या वहिनीला मेसेज टाकला, तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, ती म्हणाली अगं ते आधी बंद कर आणि हे वाच, आणि तिने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या म्हणजे एनएचएसच्या साईटवरचं मेंदूज्वराचं पान पाठवलं.

पान उघडल्या उघडल्या लाल-काळी चौकट, कधी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं ते त्यात. खाली ग्लास टेस्ट: पारदर्शक काचेचा ग्लास पुरळावर दाबून धरा, डाग पुसट होत नसतील तर थांबू नका. घरात सगळे पेले स्टीलचे, सरबताचा एक काचेचा ग्लास माळ्यावरून काढला. आणि तिथेच लिहिलं होतं की सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर पुरळ नीट दिसत नाही, तळहात, तळपाय, तोंडातली टाळू, पापणीच्या आतली बाजू बघा. हे वाचून मला इतकं बरं वाटलं, कारण आमच्या पोराच्या रंगाचं पोर समोर धरून कुणीतरी लिहिलंय! शिवाय पुरळ उठायची वाट बघू नका, मूल जास्त आजारी वाटलं तर मनाचं ऐका, हेही होतं. लेकाचे डाग दाबल्यावर जात होते, सकाळी डॉक्टरांनी व्हायरल सांगितलं.

तेव्हापासून ही साईट वापरतेय. २००७ साली 'एनएचएस चॉइसेस' नावाने सुरू झाली, २०१८ मध्ये नाव साधं करून नुसतं एनएचएसची वेबसाईट केलं. मला सगळ्यात आवडतं ते पानाच्या तळाशी असतं: हे पान शेवटचं कधी तपासलं आणि पुढे कधी तपासणार, दोन्ही तारखा. आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या काढ्याच्या मेसेजला ना तारीख ना लिहिणाऱ्याचं नाव, तरी आपण पुढे पाठवतो.

दुसरं म्हणजे भाषा. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला वाचता येईल असं लिहायचं हा त्यांचा नियमच आहे, त्यामुळे लघवीला तिकडची पोरं घरात जे म्हणतात तोच शब्द, आपल्या शू-शीसारखा. आपल्याकडच्या माहितीपत्रकात 'मूत्रविसर्जन' आणि 'अतिसार' असतं, आई म्हणते जुलाब, मग ते पत्रक आईसाठी छापलंय की कुणासाठी? चौकटींचे रंगही ठरलेले, निळी म्हणजे सवडीने डॉक्टरांना दाखवा, लाल म्हणजे आजच, लाल-काळी म्हणजे आत्ता.

पण डोळे मिटून सगळं इथलं समजू नका. पॅरासिटामॉलचं पान ५०० मिलिग्रॅमची गोळी धरून लिहिलंय, मोठ्यांनी एका वेळी एक किंवा दोन, मध्ये किमान चार तास आणि २४ तासांत चारच वेळा. आपल्याकडे सर्रास ६५०ची गोळी मिळते, दोन घेतल्या की एका वेळचा डोस जास्त झाला, आणि सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. आमची आई दोन्ही एकत्र घ्यायची, हे पान तिला वाचून दाखवलं तेव्हा थांबली. साप चावल्याचं पान तर आपल्या उपयोगाचंच नाही, ब्रिटनच्या रानात विषारी साप एकच जातीचा आणि आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, तेव्हा सरळ १०८ला फोन करून हॉस्पिटल. लसींचंही तसंच, बीसीजी आपल्याकडे जन्मल्यावर सगळ्या बाळांना देतात, तिकडे सगळ्यांना नाही. पानावरचे १११ आणि ९९९ हे नंबरही तिकडचे, महाराष्ट्रात सल्ल्यासाठी १०४.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार कापला कारण हे सगळं इंग्रजीत आहे आणि दर वेळी आईला मी मराठीत करून सांगते. त्यांनी त्यांच्या डिझाईनचे नियम, चौकटी, अगदी कोडसुद्धा सगळ्यांसाठी फुकट उघडं ठेवलंय, म्हणजे आपल्या आरोग्य विभागाने मनावर घेतलं तर चौकटी तयार आहेत, आत जुलाबाला जुलाब म्हणणारं मराठी तेवढं लिहायचं बाकी आहे.