रोजच्या सरावासाठी ए५ स्केचबुक: १५० जीएसएम, शिवलेली बांधणी

स्केचबुक घेताना कागद किती जाड आणि किती पांढरा हे सगळेच बघतात. रोज रेखाटन करणाऱ्याने त्याआधी एक हिशोब करावा: ही वही किती दिवसांत भरेल? न भरलेलं महागडं स्केचबुक सरावाच्या काही कामाचं नाही. या एका कसोटीवर ए५ आकाराचं, १५० जीएसएम (चौरस मीटरला १५० ग्रॅम) वजनाच्या कार्ट्रिज, म्हणजे रेखाटनाच्या जाडसर कागदाचं, ६० पानांचं शिवलेलं स्केचबुक इतर प्रकारांपेक्षा सरस ठरतं.

आधी वजन बघा. ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी, चौरस मीटरचा बत्तिसावा भाग. १५० जीएसएमचं एक पान साधारण ४.७ ग्रॅमचं, ६० पानांचे २८० ग्रॅम, त्यात पुठ्ठ्याचं वजन वेगळं. एवढी वही पिशवीत सहज राहते. ए४ घेतलं की वजन दुप्पट होतं आणि वही घरीच राहायला लागते. जलरंगाच्या ३०० जीएसएम कागदाचंही तेच: तेवढ्याच वजनात निम्मी पानं मिळतात, शिवाय भारी कागदावर हात आखडतो. इंग्रज चित्रकार टर्नरची सुमारे ३०० स्केचबुकं लंडनच्या टेट संग्रहालयात जपलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी खिशात मावतील एवढीच आहेत.

बांधणीत तडजोड नको. दोऱ्याने शिवलेली वही मधोमध उघडून सपाट राहते. नुसत्या गोंदावर चिकटवलेली वही जोर देऊन उघडली की कण्याला, म्हणजे पानं जोडलेल्या कडेला, भेग जाते आणि पानं सुटी होतात. स्पायरल वही छान उघडते, पण तिची पानं एकमेकांवर सरकत राहतात, त्यामुळे शिसं घासून सगळं चित्र करडं पडतं. फसलेलं पान टर्रकन फाडता येतं, हा तिचा दुसरा आणि मोठा दोष. फसलेली पानं वहीत राहायलाच हवीत, कारण महिन्याभराने कुठली चूक सारखी होते आहे हे तीच दाखवतात.

कागदाच्या तंतूंची दिशा वहीच्या कण्याला समांतर हवी. ओलाव्याने तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. ते कण्याला आडवे असतील तर फुगायला जागा मिळत नाही आणि शिवणीजवळ पानाला लाटा येतात. पान कण्याला समांतर वाकवून बघा, मग आडवं वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतं ती तंतूंची दिशा.

वही घेतल्याबरोबर शेवटच्या पानावर चाचणी करावी. ४बी पेन्सिलने गडद पट्टा काढून त्याच जागी दहा वेळा खोडरबर फिरवा. लव उठली तर कागदाचं सायझिंग, म्हणजे शाई-पाणी आत शिरू न देणारा लेप, कमजोर आहे. अशा कागदावर फाउंटन पेनच्या रेषेला केसांसारखे फाटे फुटतात. चांगल्या १५० जीएसएम कागदावर एचबी ते ४बी पेन्सिल, बॉलपेन, फाउंटन पेन आणि जलरंगाचा एक पातळ हात एवढं नीट चालतं. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यावा, नाहीतर कागदाच्या गोळ्या सुटतात. अल्कोहोल मार्कर मात्र आरपार जातो, त्यासाठी हे स्केचबुक घेऊच नये.

६बी, ८बीसुद्धा इथे त्रास देतात. बीचा आकडा वाढतो तसं शिशात ग्राफाइट वाढतं आणि चिकणमाती कमी होते. असं मऊ शिसं समोरच्या पानावर उतरतं. मध्ये बटर पेपर घालावा किंवा ४बीवर थांबावं. रोजच्या कामाला २बी पुरेशी आहे.

आता वापराबद्दल, कारण वहीचा खरा कस तिथेच लागतो. चित्र उजव्या पानावर काढावं. डावखुऱ्यांनी उलट करावं. समोरच्या पानावर पेनने तारीख आणि दोनच ओळी: काय बघितलं, काय चुकलं. म्हणजे ६० पानं ६० दिवस पुरतात. वेळ २० मिनिटं. पहिली ५ मिनिटं वस्तूवरून नजर न हटवता, कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढायची. पुढे एकेका मिनिटाची ५ द्रुतरेखाटनं, आणि उरलेली १० मिनिटं एकच वस्तू सावकाश.

ही वस्तू दहा दिवस बदलू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो, कारण तोवर हात वस्तू न बघता पाठ झालेला आकार काढायला लागतो. बरेच जण नेमके इथे विषय बदलतात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. त्याऐवजी अट बदलावी. एक दिवस फक्त सावल्यांचे आकार, एक दिवस फक्त भोवतीची रिकामी जागा, एक दिवस सरळ रेषांतच, एक दिवस डोळ्यांसमोर काही न ठेवता आठवणीतून. नेहमीची वाट बंद झाली की हाताला दुसरी शोधावीच लागते, आणि नव्या कल्पना याच अडचणीतून सुचतात. साध्या कपाची दहावी आवृत्ती पहिलीपेक्षा किती धीट होते ते पानं उलटून बघण्यासारखं असतं!

दिवस चुकला तर रविवारी सात पानं एकदम भरू नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या पानानंतर डोळा थकतो आणि पुढची पानं नुसती उरकली जातात. चुकलेल्या दिवसाचं पान कोरं न सोडता तिथेच पुढची तारीख घालावी.

मुख्यतः जलरंगात काम करणाऱ्यांना आणि खांद्यातून हात फिरवून मोठ्या रेषा मारायच्या असतील त्यांना हा आकार अपुरा पडेल. पहिल्यांना ३०० जीएसएमचं पॅड, दुसऱ्यांना ए३चे सुटे कागद आणि ड्रॉइंग बोर्ड बरा. बाकी कुणालाही सुरुवातीला हेच घ्या म्हणून सांगेन, आणि एकदम दोन घ्या. एक संपलं की दुसरं हाताशी असलं पाहिजे.